अमेरिकन बोलीतील पैशाची जुनी नावे : व्युत्पत्तिविचारातील तीन कसोट्या

इंग्रजीत ज्या शब्दसंग्रहास ‘स्लँग’ म्हणतात, त्याची व्युत्पत्ती सांगणे वरकरणी सोपे वाटते. शब्द रंगतदार असतो आणि त्याला शोभेल अशी कथाही लवकर सापडते. परंतु कथा पटण्याजोगी असणे आणि ती प्रमाणित होणे या भिन्न गोष्टी होत. अमेरिकेत डॉलरला व नोटांना मिळालेली जुनी लौकिक नावे या दृष्टीने अभ्यासनीय आहेत. अशा नावांच्या व्युत्पत्तीला तीन कसोट्या लावाव्या लागतात : शब्द व वस्तू यांतील संबंध सयुक्तिक आहे काय, शब्दाचा काल व वस्तूचा काल जुळतो काय, आणि शब्द एका अर्थाकडून दुसऱ्या अर्थाकडे कोणत्या मार्गाने गेला हे दाखविता येते काय.

तिन्ही कसोट्यांस उतरणारे उदाहरण म्हणजे ‘टू बिट्स’. याचा अर्थ पंचवीस सेंट. अमेरिकेने १७९२ च्या कायद्याने स्वतःचे दशमान चलन स्वीकारले, तरी व्यवहारात स्पॅनिश डॉलर चालतच राहिला आणि १८५७ पर्यंत त्याला कायदेशीर मान्यताही होती. हे नाणे आठ ‘रेआल’ मूल्याचे असे. त्यातील एका रेआलला ‘बिट’ म्हणत. म्हणजे बिटची किंमत साडेबारा सेंट झाली. या किमतीचे नाणे अमेरिकन टांकसाळीने कधीच पाडले नाही. परंतु दोन बिट म्हणजे पाव डॉलर हा हिशेब नव्या नाण्याशी तंतोतंत जुळत असल्याने जोडरूप तेवढे टिकले. स्पॅनिश नाण्याचे आठ तुकडे करीत, म्हणून ‘बिट’ म्हणजे तुकडा, असे सांगण्यात येते. नाणी तोडली जात हे खरे. मात्र इंग्रजीत लहान नाण्याला ‘बिट’ म्हणण्याचा प्रघात त्याआधीचाच आहे. न्यूयॉर्कच्या रोखेबाजारात १९९७ पर्यंत भाव डॉलरच्या अष्टमांशांत सांगत; तोही याच जुन्या गणनेचा अवशेष मानला जातो. पुढे ‘टू-बिट’ हे विशेषण ‘हलक्या प्रतीचा’ या अर्थी रूढ झाले. दमडी चलनातून गेल्यावरही मराठीत ‘दीडदमडीचा’ हे विशेषण जिवंत राहिले, त्याच जातीचे हे अर्थांतर होय.

‘सॉबक’ म्हणजे दहा डॉलरची नोट. लाकूड कापताना ओंडका ज्यावर ठेवतात त्या घोडीला डच भाषेत ‘झाखबोक’ म्हणतात. त्यावरून हा शब्द अमेरिकन इंग्रजीत आला. त्यातील ‘बोक’ म्हणजे बोकड. मराठी सुताराच्या ‘घोडी’प्रमाणेच येथेही आधाराच्या साधनाला पशूचे नाव मिळाले आहे. या घोडीच्या दोन्ही टोकांचे पाय एकमेकांस छेदून फुलीचा आकार करतात, आणि एकोणिसाव्या शतकातील दहाच्या नोटांवर दहा हा अंक रोमन पद्धतीने, म्हणजे फुलीच्या आकारातच, छापलेला असे. शंभरच्या नोटेचे ‘सी-नोट’ हे नावही रोमन अंकावरूनच पडले. वीस डॉलरच्या नोटेला ‘डबल सॉबक’ म्हणत. येथे रूप, काल व मार्ग यांपैकी कशाविषयीच संशय उरत नाही.

‘बक’ या सर्वपरिचित शब्दाची स्थिती मात्र वेगळी आहे. ‘बक’ म्हणजे नर हरिण. सरहद्दीवरील व्यापारात हरणाचे कातडे मूल्यमापनाचे परिमाण होते. १७४८ मध्ये कॉनरॅड वायझर याने ओहायोच्या प्रदेशातील प्रवासात मद्याच्या पिंपाची किंमत पाच ‘बक’ अशी नोंदविली आहे. परंतु डॉलर या निःसंदिग्ध अर्थाने हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आढळतो. मधल्या सुमारे शंभर वर्षांत कातड्याच्या ‘बक’चा डॉलरचा ‘बक’ कसा झाला, हे दाखविणारी सलग साखळी नाही. म्हणून ही व्युत्पत्ती संभाव्य म्हणावी, सिद्ध म्हणू नये. ‘सॉबक’चा संक्षेप होऊन ‘बक’ झाला हे मत तर अधिकच दुर्बळ ठरते. कारण तसे असते तर ‘बक’चा मूळ अर्थ एक डॉलर न राहता दहा डॉलर असावयास हवा होता.

‘क्लॅम’ म्हणजे शिंपला, बोलीत डॉलर. मूळ अमेरिकन जमातींचे शिंपल्यांचे मणी, ‘वॅम्पम’, न्यू इंग्लंडच्या वसाहतींत पैशाप्रमाणे चालत. यावरून हे नाव पडले असे सांगण्याचा मोह होतो. परंतु मॅसॅच्युसेट्सने वॅम्पमची कायदेशीर मान्यता १६६१ मध्येच काढून घेतली, आणि डॉलर या अर्थी ‘क्लॅम’ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दिसू लागतो. संबंध आकर्षक असला तरी काळाची कसोटी त्याला साहाय्य करीत नाही.

स्थलांतरितांच्या भाषांतून आलेल्या शब्दांना तिसरी कसोटी विशेष लागू पडते. ‘मझूमा’ हा यिडिशमधून आलेला शब्द. त्याचे हिब्रू मूळ ‘सिद्ध, तयार’ अशा अर्थाचे आहे, म्हणून तयार पैसा, अर्थात रोकड. १८८० नंतर पूर्व युरोपातील यहुदी मोठ्या संख्येने न्यूयॉर्कला आले आणि लवकरच हा शब्द अमेरिकन बोलीत दिसू लागला. पाच डॉलरच्या नोटेचे ‘फिन’ हे नावही यिडिशमधील पाच या संख्यावाचकाशी संबद्ध आहे. परंतु इंग्लंडातील चोरांच्या बोलीत पाच पौंडांच्या नोटेला ‘फिनिप’ म्हणण्याची रीत एकोणिसाव्या शतकात होतीच. तेव्हा ‘फिन’ थेट स्थलांतरितांकडून आला, की इंग्लंडमार्गे, हा प्रश्न उरतो. दोन्ही शब्दांचे उगमस्थान एकच असले, तरी त्यांचा प्रवास एकच होता असे धरून चालता येत नाही.

काही नावे एकेकटी न समजता मालिकेतच समजतात. १८६१-६२ मध्ये यादवी युद्धाच्या खर्चासाठी काढलेल्या नोटांची मागील बाजू हिरवी होती, म्हणून त्यांना ‘ग्रीनबॅक’ म्हणू लागले. हिरवा रंग व पैसा यांचा असा संबंध दृढ झाल्यावर ‘कॅबेज’, ‘लेट्यूस’, ‘केल’ या पालेभाज्यांची नावेही पैशाला सहज मिळाली. येथे प्रत्येक भाजीची स्वतंत्र कथा शोधणे व्यर्थ आहे. एका रूढ झालेल्या लक्षणेचा तो विस्तार आहे.

आज यांपैकी ‘सॉबक’, ‘फिन’, ‘मझूमा’ जुनाट वाटतात. ‘बक’ मात्र नित्य व्यवहारात आहे. ज्याचे मूळ सर्वांत अनिश्चित तोच शब्द सर्वांत दीर्घायुषी ठरला आहे. शब्दाचा प्रचार हा त्याच्या व्युत्पत्तीचा पुरावा नव्हे, हे यावरून स्पष्ट होते. बोलीतील शब्दांचा इतिहास लिहिताना सिद्ध, संभाव्य व कल्पित अशी तीन दालने वेगळी राखणे आणि प्रत्येक शब्द कोणत्या दालनात पडतो हे सांगणे, एवढी शिस्त अभ्यासकाने पाळली पाहिजे.