हैदराबादचा अंदाज आणि डब्यातली चिठ्ठी



आपल्या घरांत "माझं तुझ्यावर प्रेम आहे" असं कोणी म्हणत नाही. म्हटलंच, तर समोरचं माणूस विचारेल, "पैसे पाहिजेत का?" पण म्हणून प्रेम नाही असं थोडंच आहे! ते कामातून दिसतं.

आमच्या एका सभासद तांडेलाच्या घरची गोष्ट. बोट निघायच्या आदल्या संध्याकाळी वहिनी मोबाईलवर हैदराबादचा अंदाज बघतात. हैदराबादला समुद्र नाही, पण समुद्राची खबर तिथूनच येते. केंद्र सरकारची इन्कॉइस ही संस्था १९९९ पासून तिथे आहे. लाटांची उंची, वारा, प्रवाह यांचा अंदाज ती देते. उपग्रहाने टिपलेलं पाण्याचं तापमान आणि हिरवं शेवाळ बघून म्हावरं कुठे मिळण्याची शक्यता आहे, तेही सांगते. मासेमारी बंदीत आणि दाट ढग असले की ही म्हावऱ्याची माहिती मिळत नाही.

खोल समुद्रात मोबाईलची रेंज जाते. म्हणून वहिनी पुढच्या तीन दिवसांचे आकडे कागदावर लिहून जेवणाच्या डब्यात ठेवतात.

सुरुवातीला तांडेल हसायचे. "मी लहानपणापासून समुद्रावर. मला हैदराबाद काय शिकवणार?"

एकदा आकडे वाढलेले होते. वारा मात्र पडलेला, धक्क्यावर सगळं शांत. वहिनी एवढंच म्हणाल्या, "जायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण हे वाचून जा."

तांडेल थांबले. बर्फ वाया गेला, खलाशी कुरकुरले. त्या दोन दिवसांत समुद्रावर काय झालं असतं, देव जाणे. पण घरात त्या रात्री सगळे झोपले.

दुसऱ्या दिवशी पहाटे तांडेल उठले. पाणी भरलं, वहिनींचा कोयता घासून धार लावली, म्हावऱ्याची पाटी स्वतः टेम्पोपर्यंत नेली. कोणीतरी हसलंच. तांडेल म्हणाले, "तिची कंबर गेली तर माझं घर चालेल का?" तेव्हापासून बोट किनाऱ्याला असली की पाटी तेच उचलतात.

मंडळी, दोन गोष्टी लक्षात ठेवा. अंदाजात लाट २ मीटर लिहिली असेल, तर तो मोठ्या लाटांचा सरासरी आकडा असतो. एखादी लाट त्याच्या जवळपास दुप्पटही येऊ शकते. आणि लांबच्या वादळाने उठलेल्या लाटा आपल्याकडे वारा नसतानाही येतात. म्हणून नुसतं आभाळ बघून निघू नका.

घरच्या बाईने अंदाज वाचून दाखवला, तर "तुला काय कळतं" म्हणू नका. ती तुमच्या परत येण्याची काळजी करतेय. ती काळजी ऐकणं हेही प्रेमच. आणि नाखवा, बोट बांधलेली असेल त्या दिवशी घरातलं एक काम न सांगता करा. चहा ठेवा, पाटी उचला, मुलांचे डबे भरा. काम छोटं असलं तरी तिला ते कळतं.

तुमच्या घरी अंदाज कोण बघतं? आज संध्याकाळी दोघं मिळून बघा.