चादरीवरचा सिनेमा

"तिकीट किती गं?"

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन खांबांना पांढरी चादर ताणून बांधत होतो, तेवढ्यात कोपऱ्यावर भाजीची गाडी लावणाऱ्या मावशींनी विचारलं.

"तिकीट नाही मावशी, फुकट आहे. बसायला फक्त चटई आणा."

त्यांचा काही विश्वास बसेना. "फुकट म्हंजे मागून काहीतरी विकाल!" म्हणत गेल्या. पण साडेसातला गाडी झाकून, डोक्यावर शाल घेऊन पहिल्या रांगेत हजर!

मैत्रिणींनो, सुरुवात झाली ती एका साध्या प्रश्नावरून. संध्याकाळी फिरायला जाणाऱ्या आम्ही सात-आठ जणी. एकीनं विचारलं, "थिएटरात शेवटचा सिनेमा कधी पाहिलात?" एक म्हणाली, 'सैराट', म्हणजे २०१६. दुसरी म्हणाली, 'हम आपके हैं कौन', म्हणजे १९९४! हसून हसून पुरेवाट झाली. मग सगळ्याच गप्प झालो. तिकीट महाग, सोबत कोणी नाही, रात्रीचा शो नको, आणि तीन तास घराबाहेर राहायचं तर मागचा स्वयंपाक कोण बघणार?

मला आठवण झाली ती 'अंकुर' महोत्सवाची. आपल्या नाशिकची 'अभिव्यक्ती' ही संस्था तो भरवत आली आहे. त्यात लघुपट आणि माहितीपट दाखवतात. कुसुमाग्रज स्मारकात मी एकदा एकटीच जाऊन बसले होते. कोणी ना हिरो, ना हिरॉईन. पंधरा-वीस मिनिटांच्या गोष्टी, पण घरी येईपर्यंत डोक्यात घोळत राहिल्या. तेव्हाच वाटलं होतं, आमच्या गल्लीतल्या बायका काही एवढ्या लांब येणार नाहीत. मग सिनेमाच गल्लीत आणला तर?

आणि नाशकात सिनेमा दाखवायला लाज कसली? दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. ३ मे १९१३ ला मुंबईत त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला आणि त्याच वर्षी ते बिऱ्हाड घेऊन नाशकात आले. पण मला भावतो तो त्याच्याही आधीचा त्यांचा एक छोटासा प्रयोग. कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचं रोप होईपर्यंत थोडं थोडं चित्रण करत राहिले. पडद्यावर बघता बघता रोप वर येतं! लघुपटच की हा. हाच दाखवून त्यांनी मोठ्या सिनेमासाठी भांडवल मिळवलं.

यात सरस्वतीबाई फाळक्यांचं नाव मात्र आपण विसरतो. फिल्मला भोकं पाडायची, ती रात्री धुवायची, उजेड नीट पडावा म्हणून उन्हात पांढरी चादर धरून उभं राहायचं, वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक. दागिनेही त्यांनीच काढून दिले. पुढे नाशकात केलेल्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. त्याआधी तारामतीसुद्धा पुरुषानेच केली होती. पडद्यावर यायला बाईला वेळ लागला, आणि पडद्यासमोर निवांत बसायला तिला अजून वेळ मिळत नाही!

असो. तर आमच्या चादरीकडे येते.

आधी मुलांसाठी नागराज मंजुळे यांचा 'पावसाचा निबंध' लावला. शाळेत पावसावर निबंध लिहायला सांगितलाय, आणि ज्यानं तो लिहायचा त्या मुलाचं घरच गळतंय, अशी ती गोष्ट. या लघुपटाला दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला आहे. एरवी मोबाइलवरून मान वर न करणारी आमची पोरं अगदी चिडीचूप. संपल्यावर मी विचारलं, "कसा वाटला?" आधी कोणीच बोलेना. मग वॉचमनदादांचा नऊ वर्षांचा मुलगा हळूच म्हणाला, "आमच्या पण खोलीत गळतं. वही पलंगावर ठेवावी लागते."

ज्या खोलीवरून आम्ही रोज दहा वेळा जातो, ती खोली! कोणाला माहीत होतं? दुसऱ्याच दिवशी सेक्रेटरींनी माणूस बोलावून वरचा पत्रा बदलून घेतला. वीस-पंचवीस मिनिटांच्या सिनेमानं झालेलं हे काम सोसायटीच्या कुठल्याही मीटिंगमध्ये झालं नव्हतं.

जेवणं उरकून मग मोठ्यांचा खेळ. उमेश कुलकर्णी यांचा 'गिरणी'. आई चार पैसे मिळावेत म्हणून घरात पिठाची गिरणी आणते आणि तिच्या लहान मुलाचं जगच बदलून जातं. घरघर, पीठ, गिऱ्हाइकं आणि दळणाचे डबे.

शेजारी खुर्चीवर माझी आई बसली होती. ७६ वर्षांची. माझे वडील लवकर गेले, तेव्हा तिनं घरी शिलाई मशीन घेतलं होतं. रात्री बारा-बारापर्यंत चालायचं. मी दहावीला होते. कानात बोटं घालून अभ्यास करायची. एकदा तर चिडून "बंद कर ते मेलं खडखड" असं ओरडले होते. वर्गात मला 'टेलरीण' म्हणायचे, तो रागही तिच्यावरच काढायचा. त्या मशीनवरच माझी फी भरली गेली, हे कळत असूनही चाळीस वर्षांत मी तिला कधी 'चुकलं' म्हटलं नाही.

सिनेमा संपला, दिवे लागले. मला आईकडे बघवेना. तीच म्हणाली, "त्या पोराचंही खरं आहे गं. आणि त्या माउलीचंही."

मी तिचा हात धरला. बोटाच्या टोकाला सुई घुसल्याची जुनी खूण अजून आहे. "आई, तेव्हा मी फार बोलले तुला," एवढंच म्हटलं. तर म्हणते, "हां, त्या आवाजाचा मलाही वैताग यायचा!" आणि हसायलाच लागली.

तुम्हाला करावंसं वाटलं तर सांगते, फार काही लागत नाही. प्रोजेक्टर भाड्यानं मिळतो, एखाद्या शाळेतूनही मिळू शकतो. सुरकुत्या नसलेली जाड चादर आणि एक बरा स्पीकर हवा. लघुपट निवडला की तो बनवणाऱ्यांना कळवून परवानगी घ्यावी. आपला सिनेमा आवडीनं बघणारी माणसं त्यांनाही हवीच असतात. आधी आपण एकदा बघून घ्यावा, म्हणजे मुलांसमोर पंचाईत होत नाही. रात्री दहाच्या आत आवरावं. आणि मुख्य म्हणजे दोनच लघुपट ठेवावेत, उरलेला वेळ बोलायला. खरी मजा त्यातच आहे.

आमचे आता तीन खेळ झाले. मध्यंतरी भाजी घ्यायला गेले, तर मावशींनी मूठभर कोथिंबीर वर टाकली आणि विचारलं, "पुढचा कधी लावताय? ह्या वेळी सुनेला पन आनते. ती कुटं जातच नाही."