बाजारात सरकार कुठे असते?

बाजार, दुकान, सौदा, फायदा हे शब्द तुम्ही घरी उर्दूत रोज बोलता. मराठीतही ते तसेच आहेत. बाजारात एक विकणारा असतो आणि एक घेणारा असतो. मग तिथे सरकारचे काय काम? हे समजून घेण्यासाठी आपण मुंबईतल्या गोराई गावी जाऊ.

गोराई हे बोरीवलीच्या पश्चिमेला, खाडीच्या पलीकडे आहे. बोटीने खाडी ओलांडायला फार वेळ लागत नाही. रस्त्याने जायचे तर भाईंदर आणि उत्तनवरून मोठा वळसा पडतो. मासेमारी हा इथला जुना धंदा आहे.

समजा, तुम्ही मासे घ्यायला गेलात. मासेवालीने बोंबलांचे वाटे मांडले आहेत. तुम्ही विचारता, "मावशी, वाटा केवढ्याला?" ती भाव सांगते. तुम्ही थोडा कमी मागता. ती नाही म्हणते. तुम्ही शेजारच्या मासेवालीकडे वळता, तेव्हा ती तुम्हाला परत हाक मारते. सौदा ठरतो. हा भाव कोणत्याही सरकारी कचेरीत ठरला नाही. मासळी भरपूर आली की भाव उतरतो, कमी आली की चढतो. दोघेही राजी झाले, म्हणून सौदा झाला. यालाच मुक्त बाजार म्हणतात.

सरकारने सगळेच भाव ठरवून दिले तर? तुम्ही इतिहासात अलाउद्दीन खिलजीचे नाव वाचले असेल. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला या सुलतानाने दिल्लीत धान्य, कापड, घोडे यांचे भाव ठरवून दिले. त्यांवर देखरेख करायला अधिकारी नेमले. कमी तोलणाऱ्याला कडक शिक्षा होत असे. भाव स्थिर राहिले, पण ते धाकाने राहिले. 1316 साली सुलतान वारला आणि लवकरच ती व्यवस्था मोडली. आज गरिबांना रेशनवर मोफत धान्य मिळते, ती गोष्ट वेगळी. तिथे सरकार धान्याची किंमत आपल्या तिजोरीतून भरते. शेतकऱ्याला किंवा दुकानदाराला ती सोसावी लागत नाही.

मग सरकारने बाजारात मुळीच लक्ष घालू नये का? तसेही नाही. मोठा मासा वजनावर विकला जातो. काटा खोटा असेल तर भाव ठरवून काय उपयोग? म्हणून वजनमापे तपासणारे सरकारी खाते हवे.

आता खाडीतल्या बोटीचा विचार करा. एका मासेवालीचा भाव पटला नाही, तर तुम्ही दुसरीकडे जाता. बोट पटली नाही, तर मात्र लांबचा वळसाच उरतो. शिवाय बोटीचा तळ मजबूत आहे की नाही, हे उतारूला वरून दिसत नाही. म्हणून बोटीला परवाना लागतो, तिची तपासणी होते आणि किती उतारू घ्यायचे याची मर्यादा असते. आपल्या राज्यात हे काम पाहणारे महाराष्ट्र सागरी मंडळ 1996 साली स्थापन झाले.

सर्वांत अवघड प्रश्न समुद्राचा आहे. शेताला मालक असतो, समुद्राला नसतो. पावसाळा हा अनेक माशांचा अंडी घालण्याचा काळ. तेव्हा मासे पकडले, तर पुढे जाळ्यात काय येणार? हे प्रत्येक मच्छीमाराला कळते. पण तो म्हणतो, "मी एकटा थांबलो आणि दुसरा गेला, तर माझेच नुकसान." एकाने थांबून भागत नाही, सर्वांनी थांबायला हवे. त्यासाठी महाराष्ट्रात 1981 साली सागरी मासेमारी नियमनाचा कायदा झाला. गेली काही वर्षे 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. या दिवसांत मच्छीमाराची कमाई थांबते, हे खरे. पण बंदी नसेल, तर त्याच्या मुलांच्या वाट्याला रिकामी जाळी येतील.

सरकारचेही चुकू शकते. 2005 साली केंद्र सरकारने विशेष आर्थिक क्षेत्रांचा कायदा केला. उद्योगांना एका ठिकाणी मोठी जागा आणि करांत सवलत द्यावी, असा त्याचा विचार होता. पुढे गोराई, मनोरी, उत्तन या पट्ट्यात असे क्षेत्र करण्याची योजना पुढे आली. आपली जमीन आणि धंदा जाईल, अशी गावकऱ्यांना भीती वाटली. त्यांनी विरोध केला. ते क्षेत्र उभे राहिले नाही. उद्योग वाढावेत हे चांगलेच. पण सौद्यात दोघेही राजी असावे लागतात. एक जण राजी नसताना त्याची जमीन घेतली, तर तो सौदा नव्हे, ती सक्ती होय.

क्रिकेटचा सामना आठवा. पंच नसेल तर भांडणे होतात. पण पंचच बॅट घेऊन खेळू लागला, किंवा एका संघाच्या बाजूने झुकला, तर सामन्याला अर्थ राहत नाही. बाजारात सरकारने पंच व्हावे. काटा खरा ठेवावा, बोट सुरक्षित ठेवावी, समुद्र राखावा. वाट्याचा भाव मात्र मावशीने आणि तुम्ही ठरवावा.

पुढच्या वेळी बाजारात जाल तेव्हा नीट पाहा. तिथे सरकार कुठे दिसते? कुठे असायला हवे आणि दिसत नाही? आणि कुठे ते नसते तर बरे झाले असते?