दाखला आणि दिवा

मराठी मध्यमवर्गीय घरात सोन्यानाण्याचा डबा असो वा नसो, दाखल्यांची फाईल असतेच असते. आजोबांचे मॅट्रिकचे सर्टिफिकेट, आजींचे शिवणाच्या परीक्षेचे, काकांचे मिनिटाला चाळीस शब्दांचे टायपिंगचे, आत्याचे बी.एड.चे, अशी ती दोन-तीन पिढ्यांची पुंजी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटाच्या वरच्या कप्प्यात जपून ठेवलेली असते. या दाखल्यांचा मोठा गुण असा, की ते एकदा मिळाले की जन्मभर पुरत. मॅट्रिक झालेला गृहस्थ साठाव्या वर्षीही मॅट्रिकच असे. दर तीन वर्षांनी त्याला कोणी पुन्हा बाकावर बसवीत नसे.

त्याच फायलीत आता घरातल्या प्रोग्रॅमर मुलामुलींचे, सुनाजावयांचे दाखले येऊन पडू लागले आहेत, आणि त्यांची तऱ्हा अगदी निराळी आहे. मी या धंद्यात पुण्यात वीसएक वर्षे काढली. मुलाखतीच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलो. शिवाय, ज्याला प्रोग्रॅम लिहिता येतो त्याला दिवा लुकलुकणारी कोणतीही पेटी दुरुस्त करता येते, असा आमच्या सोसायटीत समज असल्यामुळे शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे माझी ये-जा बरीच. तेव्हा मला दोन प्रश्न नित्य विचारले जातात. पहिला, ‘आमच्या मुलाने कोणते सर्टिफिकेट करावे?’ आणि दुसरा, ‘आमचे वायफाय सारखे का हो जाते?’ वरकरणी हे प्रश्न एकमेकांपासून कोसभर दूरचे वाटतात. परंतु आजच्या प्रोग्रॅमरच्या संसारात ते एकाच खोलीत नांदतात.

सनद नसलेला धंदा

डॉक्टरला नोंदणी लागते, वकिलाला सनद लागते, रिक्षावाल्यालाही परवाना आणि बिल्ला लागतो. प्रोग्रॅमरला यातले काहीच लागत नाही. तुमच्या बँकेतले पैसे या खात्यातून त्या खात्यात नेणारा प्रोग्रॅम ज्याने लिहिला, त्याच्याजवळ सरकारी शिक्क्याचा एक चिटोराही नसू शकतो. हे आजचेच नाही. नामांकित डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांचे १९५७ साली लग्न झाले. तेथील रिवाजाप्रमाणे लग्नाच्या कागदात धंदा लिहावा लागे. यांनी सांगितले, प्रोग्रॅमर. ॲमस्टरडॅमच्या नगरपालिकेने तो मान्य केला नाही. असा धंदाच नाही म्हणे! अखेर त्यांच्या दाखल्यावर ‘सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ’ असे पडले. १९७२ च्या ट्युरिंग पारितोषिकाच्या भाषणात त्यांनी स्वतःच ही हकीकत सांगितली.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा संगणक चालू झाला. तो बांधणारी मंडळी गणित, भौतिकशास्त्र, इंजिनियरिंग अशा वाटांनी आली होती. संगणकाची पदवी देशात अजून यायचीच होती. पुढे पदव्या आल्या, क्लास आले. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही सरकारी संस्था निघाली, तिने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक दाखवला, आणि तिचा सुमारे सहा महिन्यांचा अभ्यासक्रम तर इतका गाजला, की ‘मुलाने सी-डॅक केले आहे’ एवढे सांगितले की ऐकणारे मान डोलवू लागले.

तरी सनदेची जागा रिकामीच राहिली. ती भरून काढायला मग यंत्रे आणि सेवा विकणाऱ्या कंपन्यांच्याच परीक्षा आल्या. आपला माल वापरता येतो की नाही, हे त्यांनीच तपासायचे आणि त्यांनीच शिक्का द्यायचा. या शिक्क्यांना मुदत असते. ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेची प्रमाणपत्रे तीन वर्षे चालतात, सिस्कोचे नेटवर्कवाल्यांचे प्रसिद्ध प्रमाणपत्रही तीन वर्षे, आणि मायक्रोसॉफ्टची वरच्या पायरीची पुष्कळशी प्रमाणपत्रे तर एकच वर्ष. मात्र त्यांचे नूतनीकरण घरबसल्या, विनामूल्य होते. म्हणजे दुधाच्या पिशवीवर असते तशी तारीख या विद्येवरही छापलेली! यात नुसता फी उकळण्याचा डाव आहे असे म्हणता येणार नाही. पाच वर्षांपूर्वीची अवजारे आज खरोखरच बदललेली असतात. परंतु मुले निजल्यावर रात्री अकराला पुस्तक उघडणाऱ्या चाळिशीतल्या बापाला त्या तारखेचे ओझे वाटते, हेही तितकेच खरे.

चाळणी आणि गहू

मग या दाखल्यांचा उपयोग तरी किती? मुलाखत घेणाऱ्याच्या बाजूने सांगतो. एका जागेसाठी शेकडो अर्ज येतात. ते सगळे वाचायला कोणाला सवड नसते. पहिली चाळण बहुधा यंत्रच करते, आणि ते अर्जात ठराविक शब्द आहेत का एवढे पाहते. तेथे प्रमाणपत्र कामाला येते. लहान गावच्या कॉलेजातून आलेल्या मुलाला, एका शाखेतून दुसऱ्या शाखेत जाऊ पाहणाऱ्याला, किंवा मुलांसाठी काही वर्षे घरी राहिलेल्या बाईला ते विशेष उपयोगी पडते. दहा वर्षे सलग काम केलेल्याला त्यामानाने कमी.

चाळणीतून खाली आल्यावर मात्र मी एकच विचारतो, ‘हे तुम्ही कोठे वापरले? आणि ते मोडले तेव्हा काय केले?’ प्रश्नसंच घोकून उत्तीर्ण झालेला उमेदवार दुसऱ्या प्रश्नालाच अडखळतो. ज्याने घरच्या घरी का होईना, एखादी लहानशी गोष्ट बांधून चालवली आहे, तो मात्र खुर्ची पुढे ओढून बोलू लागतो.

आणखी एक गोष्ट वडीलधाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. नोकरी बदलताना परीक्षेच्या सर्टिफिकेटाहून साध्या कागदांनीच माणसे अधिक घायकुतीला येतात. जुन्या कंपनीने मुक्त केल्याचे रिलीव्हिंग लेटर, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या, अनुभवाचे पत्र, हे हाती नसले की नवी कंपनी दारात थांबवते. त्यातून आपल्याकडे नावाचा घोळ. पदवीवर माहेरचे नाव, पॅन कार्डावर सासरचे. कोठे आडनाव आधी, कोठे मागे. कोठे वडिलांचे नाव मध्ये, कोठे नुसतेच आद्याक्षर. परीक्षेला नाव नोंदवताना ओळखपत्रावर आहे तसेच, त्याच क्रमाने लिहावे, आणि विवाहनोंदणीचा दाखला किंवा नाव बदलल्याच्या राजपत्राची प्रत त्याच फायलीत ठेवावी. मुलगी हुशार असूनही या एका कारणासाठी आठ-आठ दिवस खेटे घालताना मी पाहिली आहे.

परीक्षा घरी आली

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, आणि कचेरीबरोबर परीक्षाही घरात शिरल्या. कचेऱ्या पुढे पुष्कळशा परतल्या. परंतु घरून परीक्षा देण्याची सोय राहिली. तिचे नियम सोवळ्याहून कडक. खोलीची चारी बाजूंनी छायाचित्रे पाठवायची. टेबलावर कागदाचा कपटा नको. मोबाईल हाताच्या टप्प्याबाहेर ठेवायचा. खोलीत दुसरे माणूस आले की परीक्षा रद्द होऊ शकते. प्रश्न पुटपुटत वाचायचीही चोरी. आणि कोठेतरी दूर बसलेला पर्यवेक्षक कॅमेऱ्यातून सारा वेळ पाहत असतो. दोन खोल्यांच्या घरात, जेथे स्वयंपाकघरात कुकर शिट्ट्या देतो आणि दारावर इस्त्रीवाला हाक मारतो, तेथे हे तास-दोन तास म्हणजे साऱ्या घराचेच व्रत होते.

आमच्या शेजारच्या वहिनींची हकीकत सांगतो. आठ वर्षे प्रोग्रॅमरची नोकरी, नंतर दोन मुलांसाठी सहा वर्षे घरी. पुन्हा काम करायचे ठरवले, तर एकाही अर्जाला उत्तर येईना. घराचा हप्ता एका पगारावर ओढताना भाऊंची दमछाक होत होती. वहिनींनी चार महिने अभ्यास केला, काही हजार रुपये फी भरली आणि क्लाउडची परीक्षा घेतली. मुले शाळेत असतील असा गुरुवार निवडला. सासूबाईंनी त्या दिवशी कुकर लावला नाही. दाराच्या बेलची तारसुद्धा काढून ठेवली.

चाळिसाव्या मिनिटाला वीज गेली. पंखा थांबला नाही, दिवा विझला नाही, इन्व्हर्टरने भार उचलला. लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर चालूच होता. पण पडद्यावरचा प्रश्न गोठला, आणि मग परीक्षाच बंद पडली. वहिनी रडल्या नाहीत. खुर्चीवर तशाच बसून राहिल्या. सासूबाई मला बोलवायला आल्या तेव्हा त्यांच्याच डोळ्यांत पाणी होते.

दिव्याची भानगड

मी जाऊन पाहिले, तर राउटर टीव्हीच्या कपाटामागे, आणि तेथल्या सॉकेटला इन्व्हर्टरची जोडणीच नव्हती. पुष्कळ घरांत असेच असते. इन्व्हर्टरची तार पंखे-दिव्यांना जाते. टीव्हीचा कोपरा तिच्या बाहेर राहतो. ज्या पेटीवर अन्न अवलंबून, तीच तेवढी उपाशी! शिवाय जोडणी असली तरी वीज जाऊन इन्व्हर्टर सुरू होईपर्यंत डोळ्याचे पातेही लवणार नाही इतका खंड पडतो. पंख्याला तो कळत नाही, राउटर मात्र तेवढ्यानेही बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकतो, आणि त्याला मिनिट-दोन मिनिटे लागतात. पुष्कळ इन्व्हर्टरांच्या पाठीमागे ‘यूपीएस’ असे लिहिलेले बटण असते. ते त्या बाजूला केले की हा खंड कमी होतो. बॅटरी पाण्याची असेल तर डिस्टिल्ड वॉटरची पातळी अधूनमधून पाहावी.

राउटरसाठी स्वतंत्र छोटा यूपीएस मिळतो. तो घेणे सर्वांत उत्तम. राउटरच्या ॲडॉप्टरवर लिहिलेला व्होल्टचा आकडा, बहुधा १२, तंतोतंत जुळला पाहिजे, आणि अँपिअरचा आकडा कमी असता कामा नये. फायबरची पेटी आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोहोंना आधार हवा. जिन्यातल्या किंवा गच्चीवरच्या सामाईक पेटीला बॅटरी आहे का, हेही कनेक्शनवाल्याला विचारावे; ती बंद पडली तर घरातली तयारी व्यर्थ.

वीज असतानाही वायफाय जाते, त्याची कारणे निराळी. वायफायच्या लहरी मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांत चालतात. पहिल्या लांब जातात, पण तेथे शेजाऱ्यापाजाऱ्यांची गर्दी. आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही साधारण त्याच पट्ट्यात काम करतो. दूध गरम करायला ठेवले आणि मीटिंग तुटली, ही तक्रार खोटी नव्हे. दुसऱ्या लहरी वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हार खाणाऱ्या. लोखंडी कपाट, मोठा आरसा, सिमेंट-सळईची भिंत, माशांची पेटी ही सगळी त्यांच्या वाटेतली विघ्ने. म्हणून राउटर कपाटात दडवू नये. घराच्या मध्यावर, उंच आणि मोकळा ठेवावा. परीक्षा, मुलाखत अशा वेळी तर लॅपटॉपला सरळ तारच लावावी. जोडीला मोबाईलचा हॉटस्पॉट आधीच जुळवून पाहावा, आणि त्याचे सिम घरच्या लाइनीहून वेगळ्या कंपनीचे असावे. मात्र परीक्षेत मोबाईल दूर ठेवायचा असल्यामुळे तो आधार मुलाखतीपुरताच धरावा.

वहिनींच्या तक्रारीची दखल घेतली गेली आणि काही दिवसांनी नवी तारीख मिळाली. या खेपेस राउटरला यूपीएस होता, लॅपटॉपला तार होती, आणि वार गुरुवार नव्हता. आमच्या भागात दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवतात ती बहुधा गुरुवारीच. त्या उत्तीर्ण झाल्या. दीड महिन्याने एका मुलाखतीचे बोलावणे आले. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, ‘भाऊजी, सर्टिफिकेटचं बोलणं एक मिनिटात संपलं. पुढली चाळीस मिनिटं माझ्या जुन्या कामावरच विचारलं.’ मी म्हटले, ‘मी म्हणत नव्हतो? काम बोलतं!’ त्या हसल्या. ‘खरं आहे. पण ते एक मिनिट मिळालं नसतं, तर पुढली चाळीस कोणी दिली असती?’

मला वाटते, सर्टिफिकेट करावे की नाही या प्रश्नाचे याहून नेमके उत्तर मलाही देता आले नसते. दाखला बोलायची संधी मिळवून देतो. बोलायचे काय, ते कामातून यावे लागते. आणि ते ऐकू जाण्यासाठी कोपऱ्यातल्या त्या पेटीचा दिवा हिरवा राहावा लागतो. वहिनी आता रोज सकाळी साडेनऊला कामावर बसतात, आणि घराचा हप्ता दोन पगारांतून जातो.

दसऱ्याला आपण घरातल्या हत्यारांवर झेंडूचे फूल वाहतो. राउटरच्या वाट्याला ते फारसे येत नाही. निदान दिवाळीच्या साफसफाईत त्याच्यावरची धूळ पुसावी, त्याची तार कोठे जाते ते एकदा पाहावे, आणि मुख्य बटण बंद करून तो कितपत तग धरतो हे परीक्षेच्या आधीच तपासावे. आणि फराळाला आलेल्या प्रोग्रॅमर भाच्याला किंवा पुतणीला ‘कोणकोणती सर्टिफिकेटे झाली?’ असे विचारण्याआधी ‘हल्ली काय बनवते आहेस गं?’ असे विचारून पाहावे. चकली हातात तशीच राहील, आणि ती अर्धा तास बोलत राहील.