गिरणीतला चुंबक कशाने मरतो, कशाने टिकतो

मिरची-मसाला दळणाऱ्या गटांत एक समज मी नेहमी ऐकते: लोखंड धरून धरून चुंबक संपतो, टॉर्चच्या सेलसारखा. तसं नाही. अंगावर लोखंडाच्या किसाचा थर साचला की नवा कीस धरायला जागा उरत नाही, एवढंच. थर पुसला की तो पुन्हा कामाला लागतो. मात्र खरोखर मेलेला चुंबक दिसायला अगदी तसाच दिसतो, आणि मशीनच्या झिजलेल्या हॅमरचा कीस तिखटातून लेकरांच्या पोटात जातो. म्हणून तो कशाने मरतो हे माहीत हवं.

चुंबकाच्या आत असंख्य बारीक कण असतात. प्रत्येक कण म्हणजे छोटा चुंबक, आणि बहुतेकांची तोंडं एकाच बाजूला. साधा खिळा चुंबकावर घासला तर तोही टाचणी उचलतो, पण लगेच विसरतो. मऊ लोखंडात एक कोपरा फिरला की शेजारचा फिरतो, मग त्याच्या शेजारचा. वाळल्या गवतात वणवा पसरावा तसं. वणवा अडवायला जंगलात जाळरेषा काढतात ना, चांगल्या चुंबकात तेच केलेलं असतं. फ्रिजच्या दाराची पट्टी बघा. फेराइटची भुकटी रबरात कालवून ती बनते. प्रत्येक कणाभोवती रबराची जाळरेषा. एक उलटला तरी दुसरा जागेवर. शिवाय फेराइटच्या कणाची घडणच अशी, की त्याचं तोंड फिरवायला फार जोर लागतो. याला मिश्र चुंबक म्हणतात. पण बरीचशी जागा रबरानेच खाल्लेली, म्हणून ओढ कमी. गिरणीला ही पट्टी चालायची नाही. तिथे निओडिमियमचा दांडा हवा, निदान काळ्या फेराइटची जाड वडी तरी.

असा मिश्र चुंबक आपल्या पायाखालीही आहे. कळसूबाई, रतनगड, भंडारदऱ्याचा सगळा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यात मॅग्नेटाइटचे कण विखुरलेले असतात. लाव्हा निवताना त्या कणांनी तेव्हाच्या पृथ्वीच्या चुंबकाची दिशा धरली. त्या काळी पृथ्वीचे चुंबकी ध्रुव बराच काळ आजच्या उलट होते, म्हणून दख्खनच्या पुष्कळ थरांत आजही उलटी दिशा सापडते. नंतर ध्रुव कितीतरी वेळा पालटले, दगड काही बधला नाही. लंडनच्या शास्त्रज्ञांनी 1956 साली याच दिशेवरून दाखवलं, की हा दगड तयार झाला तेव्हा आपला भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. जात्याला टाकी लावताना हे कुणाच्या मनात येतं!

तर चुंबकाचा मुख्य वैरी म्हणजे उष्णता. तापलं की कण आतून हलायला लागतात आणि जागा सोडतात. निओडिमियम ओढीला सगळ्यात जोरकस, पण त्याची साधी जात 80 अंशांपुढे कच खाते. म्हणजे उकळतं पाणी ओतून धुणं नको, मिरची भाजायच्या भट्टीशेजारी ठेवणं नको, आणि मशीनला वेल्डिंग करायच्या आधी चुंबक काढून घ्यायचा. फेराइट याहून बराच ताप सोसतो. दुसरा वैरी म्हणजे उलट चुंबक: जोरदार चुंबकासमोर सारखं टोक दाबून ठेवलं की कमजोर चुंबक बिघडतो. शाळेतले जुने पट्टीचुंबक तर नुसत्या आपटण्यानेही उतरतात, म्हणून डबीत विरुद्ध टोकं शेजारी आणून वर लोखंडाची पट्टी लावतात. आपला निओडिमियम आपटल्याने सहसा उतरत नाही, पण काचेसारखा तडकतो, वरचा मुलामा निघतो आणि आत गंज शिरतो.

दुकानदार दर वर्षी नवा घ्या म्हणत असेल, तर आधी तपासा. चुंबक पुसून एका ठरलेल्या जागी एकाखाली एक नट लावत जा. किती नट लटकतात तो आकडा गटाच्या वहीत लिहा. नट दर महिन्याला तेच हवेत. आकडा उतरत चालला तरच नवा घ्या. आणि ज्या ताईला पेसमेकर बसवलाय, तिला हे काम देऊ नका.