खडकवासल्याचीं दारें आणि घरगुती रोबो

पुण्याजवळील खडकवासल्याच्या धरणावर १९०३ सालीं मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांनीं योजिलेलीं स्वयंचलित दारें बसविण्यांत आलीं. पाणी ठराविक पातळीवर चढलें कीं तीं आपोआप उघडत. पूर ओसरला कीं आपोआप मिटत. पहारेकऱ्याच्या जागेपणावर तीं विसंबून नव्हतीं. इष्ट स्थितीपासून प्रत्यक्ष स्थिति किती ढळली तें पाहावयाचें, त्या मानानें कृति करावयाची आणि परिणाम पुन्हा पाहावयाचा, ह्या अखंड फेऱ्यास फीडबॅक म्हणतात. बुधवार पेठेंतील तपकीर गल्लींतून विजेच्या मोटरी व सुटे भाग आणून घरीं रोबो करणाऱ्या मुलामुलींसही हाच फेरा साधावा लागतो. मात्र तो कोणत्या प्रकारचा निवडावा, येथेंच बहुधा गाडें अडतें.

सर्वांत सोपा प्रकार उघडझापीचा. इस्त्री तापली कीं वीज तुटते, निवली कीं जुळते. थोडा चढउतार चालत असेल तेथें एवढें पुरे. परंतु काळ्या रेघेवरून धावणारी गाडी अशा रीतीनें चालविली, तर ती डावीउजवीकडे हेलकावे खात जाते. तिला चुकीच्या प्रमाणांत दुरुस्ती हा नियम लावावा. हें प्रमाण फार वाढविलें कीं हेलकावे परत येतात. म्हणून चूक किती वेगानें वाढत वा घटत आहे हेंही जमेस धरून वेळींच लगाम खेंचावा. दोन चाकांवर तोल सांभाळणाऱ्या रोबोस तर ह्याची फारच गरज असते. उलट, चढावर चाकाचा वेग सतत थोडा उणाच पडत असेल, तर मागील चुकांची बेरीज करून ती उणीव भरून काढावी. जहाज नेमक्या दिशेवर ठेवण्यासाठीं ह्या तिन्ही उपायांचा मेळ कसा घालावा, याचें गणित निकोलस मिनॉर्स्की यांनीं १९२२ सालीं मांडलें.

बेरजेचा उपाय मात्र जपून करावा. चाक अडकलें असतां ती फुगत जाते आणि चाक सुटतांच गाडी उधळते. म्हणून तिला मर्यादा घालणें अवश्य आहे. जुळणी करतांना प्रथम प्रमाणच हळूहळू वाढवावें. हेलकावे दिसूं लागतांच वेगाचा अंश मिळवावा. तरीही उणीव उरली तरच बेरीज घ्यावी. एका वेळीं एकच आंकडा बदलावा, म्हणजे गुण कशाचा व दोष कशाचा हें कळतें.

ह्या सर्वांच्या आधीं रोबोचा डोळा तपासावा. पाण्याची खरी पातळी पोंचत होती, म्हणूनच धरणाचीं दारें योग्य वेळीं हालत. डोळ्यावर धूळ असेल किंवा त्याची वार्ता उशिरां पोंचत असेल, तर उत्तम गणितही गाडीस रेघेबाहेरच लोटतें.