ध्रुवसमुद्रांतील हवामानशास्त्रज्ञ : जेरोम कॉलिन्स

विद्वानास सर्व देशीं मान मिळतो, असें आपण मुलांस शिकवितों. जेरोम कॉलिन्सचें चरित्र पाहतां हें वचन सर्वदा खरें ठरत नाहीं, असें खेदानें म्हणावें लागतें.

आयर्लंडमधील कॉर्क येथें १८४१ सालीं जन्मलेला हा स्थापत्यविशारद १८६६ मध्यें अमेरिकेस गेला. मातृभूमीच्या स्वातंत्र्याचा ध्यास सुटला नव्हता. म्हणून पुढील वर्षीं न्यूयॉर्क येथें ‘क्लॅन ना गेल’ ही संघटना स्थापण्यांत त्यानें पुढाकार घेतला. परंतु त्याची कीर्ति झाली ती हवामानशास्त्रामुळें. ‘न्यूयॉर्क हेरल्ड’ पत्राच्या कचेरींतून तो अटलांटिकवरील वादळांचा मार्ग ताडी आणि १८७७ पासून समुद्रांतील तारेनें युरोपास आगाऊ इशारा देई.

त्या पत्राचे मालक बेनेट यांनीं उत्तर ध्रुवाच्या शोधार्थ ‘जीनेट’ हें जहाज धाडलें. ता. ८ जुलै १८७९ रोजीं तें सॅन फ्रॅन्सिस्कोहून निघालें. कॉलिन्स त्यावर शास्त्रज्ञ होता; पण आरमाराच्या पटावर त्याची नोंद खलाशी म्हणूनच झाली. हा कमीपणा त्यास डाचत राहिला. सप्टेंबरांत जहाज बर्फांत अडकलें. कप्तान डी लाँग याच्याशीं त्याचें बिनसलें व अखेरीस कप्तानानें त्यास कामावरून दूर केलें.

सुमारें २१ महिने बर्फाबरोबर वाहून ता. १३ जून १८८१ रोजीं जहाज बुडालें. ३३ जण ३ होड्या ओढीत सैबेरियाकडे निघाले. एक होडी वादळांत नाहींशी झाली. डी लाँग व कॉलिन्स यांची होडी लेना नदीच्या मुखाशीं लागली. पण तेथें अन्न नव्हतें. ता. ३० ऑक्टोबरला कप्तानानें रोजनिशींत अखेरची नोंद केली, ती कॉलिन्स मरणोन्मुख असल्याची! एकंदर २० जण दगावले. कॉलिन्सचें शव १८८४ मध्यें अमेरिकेमार्गें कॉर्कला नेऊन पुरण्यांत आलें.

त्याच वर्षीं ‘जीनेट’वरील कांहीं वस्तु ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर सांपडल्या. ध्रुवसमुद्रांतून आरपार प्रवाह वाहत असला पाहिजे, असें अनुमान नॉर्वेच्या मोन यांनीं त्यावरून काढलें. त्याच्या आधारें नॅन्सेन यांनीं १८९३ मध्यें ‘फ्राम’ जहाज मुद्दाम बर्फांत घातलें. ते व त्यांचे सर्व सोबती १८९६ मध्यें सुखरूप परतले.

नॅन्सेनच्या यशाची कथा मुलांस सांगतांना लेनेच्या मुखाशीं अन्नावांचून मेलेल्या या ज्ञानोपासकाचें नांवहि सांगावें. विद्वानाची विद्या हवी असेल, तर त्यास विद्वानाचें स्थानहि दिलें पाहिजे.